अपस्मार : एका शब्दाची कैफियत

रोगांना नावे देण्याचे काम रोग्याच्या वाट्याला क्वचितच येते. जो आजारी पडतो तो वेदनेत किंवा ग्लानीत असतो, आणि नाव पडते ते शेजारी उभे राहून पाहणाऱ्याच्या तोंडून. त्याला जे दिसले, ज्याने तो दचकला, जे त्याला कळले नाही, तेच त्या नावात उतरते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालते. ज्या व्याधीत माणूस बोलता बोलता कोसळतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो आणि काही मिनिटांनी डोळे उघडतो, त्या व्याधीच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे, कारण तिचा झटका घरातील सर्वांनी, आळीतील लोकांनी, रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसांनी पाहिलेला असतो. ज्याला तो येतो त्याने मात्र बहुधा पाहिलेला नसतो. जगातील बहुतेक भाषांत या व्याधीला मिळालेली नावे अशी पाहणाऱ्यांनी ठेवलेली आहेत. संस्कृताने रूढ केलेले आणि मराठीने जसेच्या तसे स्वीकारलेले ‘अपस्मार’ हे नाव त्याला अपवाद आहे, आणि तो अपवाद कसा, हे पाहण्यासाठी या शब्दाचा व त्याच्या भाऊबंदांचा आढावा घ्यावा असे बरेच दिवस मनात होते.

त्याला एक खासगी कारणही आहे. सदाशिव पेठेतील ज्या शाळेत मी शिकलो तिथे सातवीच्या वर्गात, गणिताचा तास चालू असताना, माझ्या शेजारी बसणारा मुलगा एकाएकी ताठ झाला, त्याच्या घशातून आम्ही कधी न ऐकलेला आवाज निघाला आणि तो बाकावरून दोन ओळींच्या मधल्या जागेत पडला. दौत कलंडली, शाई त्याच्या सदऱ्यावर आणि फरशीवर पसरली. मास्तर धावले, शिपायाने कुठून तरी कांदा फोडून आणला, दुसऱ्या कोणी पायातली वहाण काढून त्याच्या नाकाशी धरली, तिसऱ्याने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबण्याचा प्रयत्न केला, आणि आम्ही पन्नास मुले भिंतीला पाठ लावून उभी राहिलो. फार तर दोन-तीन मिनिटे गेली असतील. मग त्याचे अंग सैल पडले, श्वास घोरल्यासारखा चालू लागला, आणि बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडून, सगळे आपल्याकडे का पाहत आहेत हे न कळून, अगदी साध्या आवाजात विचारले, “तास कोणता चाललाय?” दुसऱ्या दिवशी त्याची आई येऊन मास्तरांना म्हणाली की, पोराने सकाळी काही खाल्ले नव्हते म्हणून चक्कर आली. त्यानंतर त्या बाकावर तो एकटा बसू लागला. माझ्या घरच्यांनी मला जागा बदलायला सांगितली होती आणि मी ती बदलली होती.

त्या दिवशी त्या वर्गात किती शब्द उच्चारले गेले ते मला आजही आठवते. शिपाई ‘फेफरं’ म्हणाला. कोल्हापूरकडून आलेला एक मुलगा ‘घुरं’ म्हणाला. इंग्रजी शिकवणारे मास्तर दारातून डोकावून ‘फिट’ म्हणाले. कोणी ‘आकडी’ म्हटले, कोणी ‘मिरगी’, आणि मागच्या बाकावरून कोणी हळूच ‘बाहेरची बाधा’ असेही म्हणाले. ‘अपस्मार’ हा शब्द कोणाच्याही तोंडून आला नाही. तो मी पुढे कित्येक वर्षांनी कोशात वाचला.

या शब्दांतील प्रत्येकाला स्वतःचे डोळे किंवा स्वतःचे कान आहेत. ‘घुरे’ कानांनी घडवलेले आहे. घशातील घुरघुर ज्याने ऐकली आहे त्याला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. ‘आकडी’ डोळ्यांनी घडवलेली आहे. बोटे, मनगटे, कधी सगळी पाठच आकड्यासारखी वळते, म्हणून आकडी. ‘झटका’ हा बाहेरून बसणाऱ्या हिसक्याचा शब्द. ‘फेफरे’ या शब्दात ओठांची फडफड आणि फेस या दोहोंचा ध्वनी आहे, आणि म्हणूनच की काय, तो मराठीत रोगापुरता राहिला नाही. परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्याला फेफरे येते, दारात वसुलीवाला दिसला की कर्जदाराला फेफरे भरते, आणि ज्यांच्या घरात ती व्याधी खरोखरच आहे त्यांना हे बोलणे पंगतीत, कचेरीत, नाटकात, निमूटपणे ऐकून घ्यावे लागते. ‘मिरगी’ हिंदुस्थानी वाटेने आलेली. तिचा संबंध ‘मृगी’शी लावतात. इंग्रजी ‘फिट’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. मराठीत आज एकाच उच्चाराचे दोन शब्द सुखाने नांदतात: व्यायाम करून माणूस ‘फिट’ असतो आणि दुसऱ्या माणसाला ‘फिट’ येते. जुन्या इंग्रजीत झटक्याच्या अर्थाच्या या शब्दाला संघर्षाचा, बिकट प्रसंगाचा अर्थ होता. आपल्याकडे तो आला तो दवाखान्यातून, डॉक्टरांच्या बोलण्यातून, आणि तो आल्याने एक मोठी सोय झाली, कारण ‘मुलीला फेफरे येते’ असे जे आईबाप मरेपर्यंत म्हणाले नसते ते ‘तिला लहानपणी दोन-तीनदा फिट आली होती’ असे म्हणू शकले. परकी भाषा कधी कधी लाजेवर पांघरूण घालते. पण ते पांघरूणच असते.

‘पछाडणे’ हे क्रियापद मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. पछाडणे म्हणजे मुळात जोराने खाली आपटणे, आणि मराठीत त्याचाच दुसरा अर्थ भुताने झपाटणे असा झाला. अरबी वैद्यकात, आणि तेथून फारसी व उर्दूतून हिंदुस्थानातील हकिमांच्या नुसख्यांत, या व्याधीला जे ‘सरअ’ म्हणतात त्याच्या धातूचा अर्थही जमिनीवर पाडणे हाच आहे. एकमेकांशी काही नाते नसलेल्या दोन भाषांनी एकच दृश्य पाहून एकच शब्द घडवावा, यात नवल नाही. पडणाऱ्याला कोणी तरी पाडले, असे मानवी मनाला सर्वत्र वाटत आले आहे. लॅटिनमध्येही लोकांनी याला ‘पडण्याचा रोग’ म्हटले, आणि इंग्रजीत त्याचेच भाषांतर कित्येक शतके चालले. रोमन लोकांचे दुसरे नाव याहून चमत्कारिक आहे: नागरिकांची सभा भरली असता तिथे कोणाला झटका आला तर तो अपशकुन समजून सभा बरखास्त करीत, म्हणून या व्याधीचे नाव पडले ‘सभेचा रोग’. म्हणजे एका माणसाच्या दुखण्याचे नाव त्याने मोडलेल्या सभेवरून पडले.

ग्रीक शब्द आज सगळ्या जगाच्या वैद्यकाने स्वीकारलेला आहे. ‘एपिलेप्सी’ ज्या क्रियापदावरून येते त्याचा अर्थ पकडणे, वरून झडप घालून ताब्यात घेणे. आणि इंग्रजीत झटक्याला जो ‘सीझर’ शब्द आहे त्याचाही अर्थ तोच. धरणारा कोण, हे त्या शब्दात सांगितलेले नाही, पण धरणारा कोणी तरी आहे हे गृहीत आहे, आणि ग्रीक लोकांच्या समजुतीप्रमाणे तो देव होता. म्हणून ते याला पवित्र रोगही म्हणत. हिपोक्रॅटिसच्या नावाने चालणाऱ्या ग्रंथसंग्रहात, इसवी सनापूर्वी 400च्या सुमारास लिहिलेला, या ‘पवित्र रोगा’वरचाच एक निबंध आहे, आणि त्याच्या कर्त्याने ठासून सांगितले आहे की हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नाही, त्याला कारण आहे आणि ते कारण मेंदूत आहे. एवढे स्पष्ट सांगून झाल्यावरही पकडण्याचा शब्द तसाच राहिला. विचार बदलतो, शब्द मागे राहतो. शब्दांच्या दफ्तरात जुने कागद कोणी फाडीत नाही.

आता ‘अपस्मार’कडे वळू. पुणे हे कोशांचे शहर आहे. मोल्सवर्थच्या कोशाला ज्यांचा हात लागला ते मेजर थॉमस कँडी येथेच राहिले. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांनी 1890 साली आपला संस्कृत-इंग्रजी कोश येथून प्रसिद्ध केला. दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 ते 1938 या काळात सात खंडांत येथेच छापला गेला. आणि डेक्कन कॉलेजात 1948 साली सुमित्र मंगेश कत्रे यांनी ज्या संस्कृत महाकोशाचे काम सुरू केले त्याच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या लोखंडी कपाटांच्या खणांत आजही रांगेने उभ्या आहेत, त्या चिठ्ठ्यांतून 1976 साली पहिला खंड निघाला, आणि इतक्या दशकांनंतरही तो कोश ‘अ’ या पहिल्या अक्षरातून बाहेर पडलेला नाही. त्या दालनात उभे राहिले की एखाद्या शब्दाचा अर्थ म्हणजे त्याच्या सगळ्या वापरांची बेरीज, हे पुस्तकात वाचावे लागत नाही, डोळ्यांना दिसते. आपट्यांच्या कोशात ‘अपस्मार’चे अर्थ दोन आहेत: विस्मृती, आणि ही व्याधी. या दोन अर्थांमधली वाट फार जुनी आहे.

व्युत्पत्ती साधी आहे. ‘स्मृ’ म्हणजे आठवणे, आणि ‘अप’ म्हणजे दूर. मराठी कानाला मात्र ‘अप’ हा उपसर्ग लगेच वाईटाची सूचना देतो, कारण अपमान, अपकीर्ती, अपशकुन, अपमृत्यू अशा संगतीत आपण त्याला रोज भेटतो. त्यामुळे अपस्मार म्हणजे काही तरी अमंगल, अशी छाया शब्दावर आपोआप पडते. ती छाया येथे लागू नाही. अपहार, अपनयन, अपसरण या शब्दांत ‘अप’ जसा निव्वळ दूर नेण्याचा किंवा दूर जाण्याचा आहे तसाच तो येथे आहे. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील 61वा अध्याय या व्याधीवर आहे, आणि तेथे ग्रंथकाराने शब्दाची फोड स्वतःच करून दिली आहे: घडून गेलेल्या गोष्टींचे ज्ञान ती स्मृती, ‘अप’ हा त्यागाचा वाचक, आणि या दोहोंवरून रोगाचे नाव. एखादा प्राचीन वैद्य रोगाचे लक्षण सांगण्याआधी त्याच्या नावाचा हिशेब देतो, हे मला त्या ग्रंथातील मोठे सौजन्य वाटते. आणि विस्मरण व अपस्मार यांतला भेदही या फोडीने उलगडतो. विस्मरणात एखादी वस्तू स्मृतीतून निसटते; अपस्मारात स्मृतीच काही काळ उठून जाते, ओहोटीच्या पाण्यासारखी, आणि परत आल्यावर मधल्या काळाची तिच्याकडे काहीही नोंद नसते. “तास कोणता चाललाय?” या प्रश्नाचे नाव अपस्मार.

हाच तो अपवाद. पडणे, धरणे, घुरघुरणे, आकडणे, फेसाळणे हे सगळे बाहेरून दिसते. स्मृती जाणे बाहेरून दिसत नाही. ते रोग्याकडूनच कळते, त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. ज्याने हे नाव ठेवले त्याने झटका संपल्यावर त्या माणसाजवळ बसून त्याची विचारपूस केली असली पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दहावा अध्याय वाचला की हा तर्क अधिक दृढ होतो. अपस्मार म्हणजे स्मृती, बुद्धी आणि सत्त्व यांच्या क्षोभामुळे अंधारात शिरणे आणि बीभत्स हालचाली होणे, असे तेथे सांगितले आहे. वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार केले आहेत. पण या वर्गीकरणाहून मोलाचा तपशील असा की, झटक्याच्या आरंभी रोग्याला काय दिसते हे प्रत्येक प्रकारात वेगळे नोंदवलेले आहे: एकाला रूक्ष, तांबूस, काळी रूपे दिसतात, दुसऱ्याला पिवळे, रक्तासारखे लाल आणि सगळे जगच पेटल्यासारखे, तिसऱ्याला पांढरे. अर्वाचीन मज्जातंतुवैद्यकात झटक्यापूर्वीच्या अशा अनुभवाला ‘ऑरा’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ झुळूक, आणि गॅलनच्या लेखनापासून तो चालत आला आहे. अंगातून एक थंड झुळूक वर चढत गेली, असे एका तरुण रोग्याने सांगितले होते, त्यावरून. ग्रीक वैद्याला रोग्याच्या तोंडून वारा ऐकू आला आणि भारतीय वैद्याला रंग. दोघांनीही ऐकले, ही गोष्ट महत्त्वाची.

त्याच अध्यायाच्या अखेरीकडे एक सूचना आहे, तिच्यापुढे माझे मन नेहमी नम्र होते. अपस्माराच्या रोग्याला पाणी, अग्नी, झाड, डोंगर आणि अवघड जागा यांपासून सदैव जपावे, कारण त्या त्याचे प्राण तत्काळ हरण करतात. पुण्यातील एका मज्जातंतुतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात मी एका नातलगासोबत बसलो असताना डॉक्टरांनी जुन्नरकडून आलेल्या बाईंना जे सांगितले ते याहून निराळे नव्हते: विहिरीवर एकटीने जायचे नाही, चुलीपाशी एकटीने बसायचे नाही, माळ्यावर चढायचे नाही, गोळी एक दिवसही चुकवायची नाही. त्या बाईंच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता, आणि डॉक्टर बोलत असताना त्या पदराने तो झाकत होत्या.

अर्थात अपस्मार या शब्दाचा संसारही नेहमी इतका स्वच्छ राहिला नाही. ज्या सुश्रुताने स्मृतीची फोड केली त्याच संहितेत मुलांना पीडा देणाऱ्या नऊ ग्रहांत ‘स्कंदापस्मार’ हा एक ग्रह गणला आहे. म्हणजे रोगाचे नाव धरणाऱ्या शक्तीलाही चिकटले. पुढे शिल्पशास्त्रात नटराजाच्या उजव्या पायाखाली दबलेला तो ठेंगू पुरुष अपस्मार म्हणून ओळखला गेला, तमिळ लोक त्याला मुयलकन म्हणतात. चोळ काळातील ब्राँझच्या मूर्तींत तो पालथा पडून मान वर करून पाहताना दिसतो, आणि त्या मूर्तींच्या पितळी नकला आज लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांपासून नृत्यवर्गांच्या व्यासपीठांपर्यंत सर्वत्र आहेत. तत्त्वज्ञांनी त्याचा अर्थ अज्ञान असा केला, आणि त्या अर्थी स्वरूपाची विस्मृती म्हणजे अपस्मार ही कल्पना सुंदरच आहे. पण ज्याला स्वतःला अपस्मार आहे त्याने ती मूर्ती पाहून काय समजावे? दानवाचे आणि दुखण्याचे नाव एक असले की दुखणेकरी दानवाच्या बाजूचा ठरतो, आणि हा अन्याय मूर्तिकाराच्या मनात नसला तरी नावाने घडतो.

भरताच्या नाट्यशास्त्राचे आणखी वेगळे. तेहतीस व्यभिचारी भावांत अपस्मार हा एक आहे. म्हणून मराठीत ज्यांनी रसचर्चा वाचली आहे त्यांना हा शब्द वैद्यकाआधी काव्यशास्त्रात भेटलेला असतो. नटाने तो दाखवावा कसा, तर थरथर, धाप, धावणे, पडणे, घाम, तोंडाला फेस यांनी. स्मृती गेल्याचा अभिनय करता येत नाही, पडल्याचा करता येतो. रंगभूमीला पाहणाऱ्यांचीच बाजू घ्यावी लागते.

एकोणिसाव्या शतकानंतरची हकीकत थोडक्यात आटोपतो, कारण ती अनेकांनी सांगितलेली आहे. 1857 साली लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. 1870च्या दशकात ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी झटका म्हणजे मेंदूच्या करड्या भागातील एकाएकी होणारा अतिरिक्त स्राव, अशी उपपत्ती मांडली. 1912 मध्ये जर्मनीत हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटल, 1938 मध्ये अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन वापरात आणले. आणि 1929 साली हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विजेचे आलेख प्रसिद्ध केले, तेव्हा भूतबाधेच्या जागी कागदावरील रेघा आल्या. आजच्या व्याख्येप्रमाणे, ताप किंवा रक्तातील साखर उतरणे यांसारखे तात्कालिक कारण नसताना, चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन झटके आले, तर सामान्यतः त्याला अपस्मार म्हणतात. तापात लहान मुलाला आलेली आकडी म्हणजे अपस्मार नव्हे, आणि येथे मराठीला तिची शब्दसंपत्ती उपयोगी पडते: झटका किंवा आकडी ही घटना, अपस्मार हा रोग. इंग्रजीत हा भेद दोन शब्दांनी करतात, तसा तो आपल्याकडेही आधीपासूनच आहे. फक्त आपण तो पाळत नाही, आणि म्हणून एकदा तापात आकडी आलेल्या मुलाच्या कपाळावर जन्मभराचे नाव बसते.

या शास्त्रापुढे ‘अपस्मार’ शब्दाची एक उणीव उघडी पडते, ती मान्य केली पाहिजे. मेंदूच्या एका लहान भागापुरते मर्यादित असे झटकेही असतात, ज्यांत हात थरथरतो, जीभ अडखळते, डोळ्यांपुढे काही चमकते, आणि माणूस सगळ्या काळात जागा असतो, त्याला सगळे आठवते. तेथे स्मृती कोठेही जात नाही. शब्द तिथे अपुरा आहे. पण ‘धरणे’ आणि ‘पडणे’ हे शब्दही तिथे तितकेच अपुरे आहेत, आणि निवड करायचीच झाली तर माणसाच्या अनुभवाकडून आलेला अपुरा शब्द मी पत्करीन.

नाव बदलावे काय, हा प्रश्न इतरत्र प्रत्यक्ष धसाला लागला आहे. मलायी भाषेत या व्याधीचे लोकांतले एक नाव डुकराच्या वेडाचे होते. ते टाकून तेथील वैद्यांनी परका शब्द घेतला. चिनी लिपीतून आलेल्या जुन्या नावात वेडाचा अर्थ दडलेला होता, म्हणून हाँगकाँगमध्ये 2010 साली आणि कोरियातही याच सुमारास नवे शब्द योजले गेले. कोरियातील नव्या नावाचा अर्थ मेंदूतील विजेचा विकार असा होतो. आपल्याला तसे काही करण्याची गरज नाही असे माझे मत आहे. आपल्या शब्दात वेड नाही, पशू नाही, देव नाही, दानव नंतर आला. आपल्याकडे दोष शब्दात नव्हता, तो कायद्यात शिरला.

1976 साली हिंदू विवाह अधिनियमात जी दुरुस्ती झाली तिने विवाहास पात्र नसणाऱ्यांत वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणाऱ्यांना बसवले. एका वाक्यांशात, एका ‘किंवा’ने, दोन भिन्न गोष्टी एका पंगतीस आल्या. त्याचे पर्यवसान असे की ज्या घरात मुलीला गोळ्या चालू असत त्या घरात त्या गोळ्या डबीत, डबी कपड्यांच्या घडीत आणि घडी ट्रंकेत जाई. सासरी गोळी उघड घेता येत नसे, गोळी चुकली की झटका येई, आणि झटका आला की फसवणुकीचा दावा कोर्टात जाई. जुन्या वैद्यकग्रंथांतही उन्माद आणि अपस्मार हे अध्याय लागोपाठ येतात हे खरे, पण त्या ग्रंथांनी त्यांना स्वतंत्र अध्याय तरी दिले होते. 1999 साली संसदेने दुरुस्ती करून ‘किंवा अपस्मार’ एवढे शब्द वगळले. तेवीस वर्षे ते कायद्यात राहिले. लोकांच्या मनातून ते वगळण्याचा हुकूम काढण्याची तरतूद कोणत्याच अधिनियमात नसते. मात्र महाराष्ट्राने 2013 साली, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर, अघोरी प्रथांविरुद्ध जो कायदा केला त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे हे प्रकार गुन्हा म्हणून लिहिले गेले, आणि झटके येणाऱ्या किती मुलांमुलींनी ही धुरी सोसली असेल याचा विचार मनात आला की ती अनुसूची मला कोरडा सरकारी मजकूर वाटत नाही.

वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी जो शारीरिक पात्रतेचा नमुना भरावा लागतो त्यातील पहिलाच प्रश्न अपस्माराविषयीचा आहे. तो रास्त आहे. पण रस्त्याच्या सुरक्षेसाठी विचारलेला प्रश्न आणि स्थळ पाहताना विचारलेला प्रश्न यांत अंतर आहे, आणि ते अंतर समजावून देण्याचे काम पुण्यात यशोदा वाकणकर आणि त्यांच्या ‘संवेदना फाउंडेशन’ने मराठीत, उघडपणे, ‘अपस्मार’ हाच शब्द वापरून चालवले आहे. झटके असलेली माणसे एकत्र बसतात, आपले अनुभव एकमेकांना सांगतात; लग्नाचे जमवण्यासाठीही या मंडळींनी मार्ग काढला, ज्यात आजार आधी सांगून मग बोलणी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे पाच कोटी लोकांना ही व्याधी आहे, आणि नीट निदान होऊन नियमित औषध मिळाले तर त्यांतल्या शंभरापैकी सत्तरांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात. गोळी स्वस्त आहे, शब्द महाग पडतो.

आणि आपण, जे पाहणारे आहोत, त्यांनी करायचे तरी काय? वहाण नको, कांदा नको, किल्ल्या नकोत. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा किंवा बोट घालायचे नाही, पाणी पाजायचे नाही. आसपासच्या टोकदार वस्तू दूर सारून, डोक्याखाली काही मऊ ठेवून, झटका ओसरू लागताच त्याला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, पाच मिनिटांहून अधिक चालला तर रुग्णवाहिका बोलवावी, आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसावे. शुद्धीवर आल्यावर काय झाले ते त्याला सांगावे. ही शेवटची गोष्ट बहुतेक लोक करीत नाहीत.

तो माझा वर्गमित्र मला सुमारे चाळीस वर्षांनी टिळक रस्त्यावर एका औषधाच्या दुकानात भेटला. त्याच्या हातात एक चिठ्ठी होती, तिच्यावरील औषधाचे नाव मला ओळखू आले, आणि त्यालाही कळले की मला ते ओळखू आले आहे. आम्ही बाहेर येऊन एका बाकड्यावर बसलो. त्याने आपल्या नोकरीची, मुलांची हकीकत सांगितली. झटका येऊन अकरा वर्षे झाली म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले की सातवीत त्या दिवशी नेमके काय झाले होते, कारण घरी कोणी सांगितले नाही, शाळेत कोणी सांगितले नाही, आणि त्याला स्वतःला फळ्यावरचे एक अर्धवट सोडवलेले उदाहरण एवढेच आठवत होते. मी त्याला पहिल्यापासून सांगितले: आवाज, कांदा, किल्ल्या, मास्तरांचे पांढरे पडलेले तोंड, आणि त्याने विचारलेला तो प्रश्न. तो एकाग्रपणे ऐकत होता, मध्ये एकदाच बोलला. “माझ्या सदऱ्यावर शाई कसली होती? आईने तो सदरा तीनदा धुतला. कुणाची दौत होती?”

ती माझी होती, असे मी त्याला सांगितले.